सहावी कोंबडी
परवा वसमतच्या बाजारात पायाला लाल चिंधी बांधलेली कोंबडी दिसली आणि माझं तोंड कोरडं पडलं. पन्नासेक वर्षांपूर्वी मी गुरांच्या डॉक्टरकीच्या कॉलेजात होतो आणि धोतऱ्याचं विष कोंबडीच्या रक्तात किती उतरतं ते मला मोजायचं होतं. आखाडा बाळापुरात एका मावशींकडे उतरलो, सहा कोंबड्या विकत घेतल्या, ज्वारीतून धोतऱ्याचं बी चारलं, ओळखू याव्यात म्हणून पायाला लाल चिंध्या बांधल्या आणि रक्ताच्या बाटल्यांसाठी बर्फ आणायला एसटीनं वसमतला गेलो. परतलो तेव्हा पोटात कावळे ओरडत होते. समोरच्या काकूंनी हाक मारून जेवायला बसवलं. लालभडक रस्सा मी दोनदा मागून घेतला. मग सुई घेऊन खुराड्याशी गेलो तर ते रिकामं. मावशींनी कोंबड्या चरायला सोडल्या होत्या, आणि त्या काकूंनी आपल्या म्हणून धरून नेल्या होत्या. "लाल चिंधी म्हंजे आमच्या घरची, समद्या गल्लीला ठावं हाय," काकू म्हणाल्या. "तुमच्या असतील तर न्या, पाच हायेत." मी विचारलं, "आणि सहावी?" "काहून, आत्ता जेवलात न्हवं का?" धोतऱ्यानं डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात म्हणून मी त्या आरशात बघितल्या, काकूंनी दिलेलं तांब्याभर ताक प्यालो, पाच कोंबड्यांचं रक्त काढलं आणि सहाव्या बाटलीत घाबरत घाबरत स्वतःचं भरलं. पाचांत विष निघालं, सहावीत काहीच नाही. सर खूश होऊन म्हणाले, "ही कोंबडी फार काटक दिसते." ती आता सत्तरी ओलांडून गेलीय, हे त्यांना सांगायचं राहूनच गेलं.