वाकलेली मान, ओढलेल्या उशा

गटातले बरेच जण इस्पितळात काम करतात, म्हणून आजचा प्रकार घरी येताच लिहिते आहे.

कळव्याचे एक काका न्हाणीघरात पडले, म्हणून मानेच्या एक्स-रेसाठी माझ्याकडे आले. त्यांना अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे. मणके एकमेकांना चिकटून मान कायमची पुढे वाकलेली. ती आहे तशीच टेकावी म्हणून मी डोक्याखाली दोन उशा दिल्या.

निवासी डॉक्टर आले. "मान सरळ करा, फोटो नीट येत नाही."

"अहो, लग्नाच्या फोटोतही ती सरळ नव्हती," काका हसून म्हणाले.

"सर, मान मोडलेली असू शकते. सरळ केली तर मज्जारज्जू दुखावेल. उशा काढू नका," मी म्हटलं.

"मॅडम, तुम्ही फक्त बटण दाबा." आणि त्यांनी उशा ओढल्या.

काका किंचाळले. मग हळूच म्हणाले, "अगं, माझे हात कुठे गेले?"

मान मोडलेलीच होती. सर्जननी तातडीने ऑपरेशन करून ती होती तशीच वाकलेली ठेवून धातूची पट्टी आणि स्क्रूंनी जोडली. हात अजून हलत नाहीत.

काकूंना सांगण्यात आलं, पडल्यामुळे हात गेले. खोटं! टेबलावर झोपण्याआधी काकांनी स्वतःच्या हाताने चष्मा काढून मला दिला होता.

उद्या मी काकूंना हे सांगणार आहे. नोकरी जाईल म्हणतात. तुम्ही गप्प बसला असता का?