मायचं दार

श्रावणात एका सकाळी मायला घराचं दार उघडता येईना. दार एकच, सागवानी, आत उघडणारं. ओलीनं फुगून ते चौकटीत असं बसलं होतं की दोन तास ओढून तिच्या तळहातांना फोड आले. शेवटी शेजारच्या बाईनं बाहेरून खांदा लावला. मला चंद्रपूरला फोन आला आणि माझं डोकं फिरलं. सत्तरी ओलांडलेली बाई, पोंभुर्ण्याजवळच्या खेड्यात एकटी. मी रिकामी बॅग घेऊन गावी पोचले.

"भर कपडे. आता माझ्याकडं राहायचं," मी म्हणाले.

"दार नाई उघडत म्हणून घर सोडू काय?" माय म्हणाली. "दार दुरुस्त कर. पुढच्या श्रावणात नाई उघडलं, त मीच येतो."

बॅग खुंटीला टांगली गेली. मनातून मला वाटत होतं, जिंकणार मीच. आणि दाराला मी काय कमी केलं होतं? आदल्याच उन्हाळ्यात समोरच्या ओट्याला फरशी बसवली होती. पावसाचा मारा लागू नये म्हणून दाराला बाहेरून पत्राही ठोकला होता. गावभर मिरवलं होतं मी ते.

पाऊस ओसरल्यावर सुतारभाऊला बोलावलं. त्यानं हत्यारांची पिशवी उघडलीच नाही. "बाई, तुमी रोजच्यासारखा सडा टाका," तो मायला म्हणाला.

मायनं शेण कालवलेलं पाणी उंबऱ्यापुढं शिंपडलं. हे ती लग्न होऊन आल्यापासून करते. सडा पडल्याशिवाय आमच्याकडं चूल पेटत नाही. पूर्वी मातीचा ओटा ते पाणी पिऊन टाकायचा. आता ते फरशीवरून हळूहळू मागं आलं आणि उंबऱ्याखाली शिरलं. फरशीचा उतार दाराकडं होता. मिस्त्री फरशी बसवत असताना मी शेजारी उभी राहून रंग कसा दिसतो तेवढंच पाहत होते. माय मात्र तेव्हापासून रोज सकाळी मोठ्या भक्तीनं स्वतःच्याच दाराला पाणी पाजत होती.

मग त्यानं पत्रा उचकटला. आतलं लाकूड काळं पडलेलं, पत्र्याच्या आतल्या अंगाला पाण्याचे थेंब. घरात चुलीची वाफ, बाहेर गार पत्रा, आणि मधलं पाणी जाणार कुठं?

"पोरी, तू दाराले रेनकोट घातला," तो म्हणाला, "थे आतून घामानं भिजून राह्यलं."

मला इतकी लाज वाटली की चहा करायच्या निमित्तानं मी आत गेले. मायचे हात सोलवटले होते ते माझ्या हौसेपायी.

उंबऱ्यालगतच्या फरशीच्या दोन ओळी त्यानं काढल्या, तिथं मुरूम आणि माती चोपली, उतार अंगणाकडं दिला. पत्र्याचं छोटं छप्पर करून ते दाराच्या वर बसवलं. दार उतरवून चार दिवस सावलीत वाळवलं. ते चार दिवस दाराच्या जागी नुसतं मायचं जुनं लुगडं टांगलेलं होतं आणि शेजारच्या दोन बाया सोबतीला झोपायला येत होत्या. माय त्यांच्यासोबत इतकी हसत होती की चंद्रपूरच्या फ्लॅटमध्ये तिला असं कोण हसवेल, हा प्रश्न मला पहिल्यांदाच पडला. मग त्यानं दाराच्या कडा रंध्यानं तासल्या, जवसाचं तेल पाजलं, दार परत चढलं.

यंदा श्रावणात मी न कळवता पहाटेच्या बसनं गेले. आठवडाभर झड लागलेली. बसमध्ये मला जाणवलं की या वेळी मला हरायचं आहे. अंगणात उभी राहून हाक मारली. आतून कडी वाजली आणि दार एका दमात उघडलं. मायच्या एका हातात सड्याची बादली होती. दार तिनं दुसऱ्या हातानं उघडलं होतं.

"बाजूले हो," ती म्हणाली, "सडा टाकाचा हाय."

मी बाजूला झाले. पाणी मातीत मुरलं.

दुपारी निघताना तिनं खुंटीवरची बॅग काढली. तिच्यात तांदूळ, दोडके आणि लाखोळीची डाळ भरली, चेन ओढून लावली आणि ती माझ्या खांद्याला अडकवली.