पंधरा मिनिटांत चाक

आमच्या हिच्या अंगात स्वस्थ बसणं नाहीच. मी शिंपी माणूस, माझा दिवस एका जागी बसून जातो. ही डायलिसिसच्या पेशंटना घरून नेणारी, परत सोडणारी हॉस्पिटलची व्हॅन चालवते आणि घरी आली तरी तिचं मन त्या व्हॅनभोवतीच घिरट्या घालतं. जेवता जेवता उठेल, खाली जाऊन स्टेपनीतली हवा मोजून येईल.

"अगं, सकाळीच मोजलीस ना?"

"सकाळची सकाळी." झालं! आणि बाई जिना उतरतेसुद्धा.

तिच्या हत्यारांची पिशवी मीच शिवली, जाड ताडपत्रीची, सात कप्प्यांची. जॅक, चाकाचा पाना, पान्याला जोर यावा म्हणून पाइपचा तुकडा, जॅकखाली घालायची फळी, टॉर्च, हातमोजे, मागच्या गाड्यांना दिसावा म्हणून लाल त्रिकोण. आणि दोन लाकडी ठोकळे. गाडी जॅकवर चढवण्याआधी ते बाकीच्या चाकांना लावायचे, म्हणजे गाडी सरकत नाही. सहा वर्षांपूर्वी एका उतारावर ठोकळे नव्हते आणि गाडी जॅकवरून घसरली. आत चार पेशंट होते. कुणाला खरचटलंही नाही, पण आठ दिवस हिच्या डोळ्याला डोळा लागला नाही. तेव्हापासून ठोकळे लावल्याशिवाय ती जॅकला हात घालत नाही.

आणि नेमकं तेच नडलं. हॉस्पिटलने नवा नियम काढला. पेशंट नेणाऱ्या प्रत्येक ड्रायव्हरने पंधरा मिनिटांत चाक बदलून दाखवायचं, नाहीतर गाडी दुसऱ्याला. संधी एकच. हत्यारं हॉस्पिटलने दिलेलीच वापरायची, आणि त्यांत ठोकळे नव्हते.

महिनाभर घरात दुसरा विषय नाही. रोज संध्याकाळी खाली मी घड्याळ धरून उभा आणि ही चाकाशी. ठोकळे लावून, लाथा मारून पुन्हा पुन्हा तपासले की सतरा मिनिटं, नाही लावले की चौदा. मी अक्षरशः हात जोडले. "हे बघ, मैदान सपाट, गाडी रिकामी. एक दिवस सोड ना ते खूळ!"

"बरं, सोडते. आता डोकं खाऊ नका."

परीक्षेच्या दिवशी मी हॉस्पिटलच्या मैदानाच्या कुंपणाबाहेर येरझाऱ्या घालत होतो. हिच्या आधी नव्या भरतीतला एक मिशीवाला ड्रायव्हर होता. तेरा मिनिटांत मोकळा, वर हात झटकत परीक्षा घेणाऱ्या साहेबांशी गप्पा. मग हिची पाळी आली. साहेबांनी घड्याळ लावलं. हिने जॅक काढला, खाली ठेवला आणि तशीच उठून इकडेतिकडे बघायला लागली. दगड शोधतेय ही बया!

"अगं, राहू दे!" मी ओरडलो. वॉचमनने मला दटावलं. ही मैदानाच्या पार टोकाला गेली, दोन दगड पोटाशी धरून आली, चाकांना लावले, लाथ मारून पाहिलं आणि मग कुठे जॅक लावला. पुढे तिचे हात असे चालले की काय सांगू! पण अठरा मिनिटं झाली. दगड कशाला, हे साहेबांनी विचारलंही नाही. कागदावर आकडा लिहिला आणि किल्ली मागून घेतली.

ती बाहेर आली तेव्हा मी नुसता धुमसत होतो. "शब्द दिला होतास ना मला?"

"दिला होता हो. पण जॅक लावायला गेले आणि मागे माणसं बसलीत असंच वाटलं. हातच चालेना." मला रडूच आलं, तेही रस्त्यात. पंचवीस वर्षांच्या संसारात तिच्या ड्रायव्हिंगला मी हजारदा नावं ठेवली असतील, पण त्या क्षणी साहेबाची गचांडी धरावीशी वाटली.

हिने नळावर तोंड धुतलं, पिशवी उचलली आणि सरळ त्या मिशीवाल्याकडे गेली. तिची गाडी त्यालाच मिळाली होती.

"भाऊ, जॅक काढा."

"अहो ताई, मी पास झालोय," तो हसला.

"म्हणूनच म्हणते. काढा."

तीनदा चाक काढायला लावलं त्याला. तीनही वेळा आधी ठोकळे. त्याचं हसू कधीच पळालं होतं, मिशीवरून घाम गळत होता. शेवटी पिशवी त्याच्या सीटमागे ठेवून ही बसस्टॉपकडे निघाली.

"पिशवी तरी घरी आणायचीस," बसमध्ये मी कुरकुरलो.

"ती माणसं उद्यापासून त्याच्याच गाडीत बसणार ना?"

घर येईपर्यंत तिने त्याला दोनदा फोन केला. एकदा स्टेपनीतली हवा बघून ठेवा म्हणून. आणि एकदा, तिसऱ्या थांब्यावरच्या आजींना उतरवताना डावा हात धरू नका, त्यांना डायलिसिसची सुई त्याच हाताला टोचतात, हे सांगायला.