भावाची छोटी रेकॉर्ड

नातवानं जुन्या बाजारातून रेकॉर्ड प्लेअर आणला आणि कपाटातली एकुलती एक छोटी रेकॉर्ड त्यावर ठेवली. ती माझ्या मोठ्या भावाच्या बेंजो पार्टीची. शहाद्याच्या चार पोरांनी हौसेनं काढलेली, बाहेर कुणी फारशी न ऐकलेली. सुई टेकली आणि बेंजो उड्या मारत निघाला. वरातीत नाचायची चाल होती ती. मला काहीच वाटलं नाही. ही आमची रेकॉर्ड नाही, एवढंच मनात आलं.

आमची रेकॉर्ड फार संथ होती. भाऊ गेला त्याच आठवड्यात ती तयार होऊन आली. पार्टीतला ढोलकीवाला सुभाष ती घेऊन कळसाडीला आमच्या घरी आला, सोबत पार्टीचा प्लेअर. घरात सुतक होतं. बायका भिंतीला टेकून बसल्या होत्या. आई म्हणाली, “मन्हा पोऱ्यानं वाजाडेल शे ना? लाव मंग.”

सुभाष जरा थांबला. “लावस, माय,” म्हणाला. वाकून त्यानं प्लेअरचं एक बटण फिरवलं आणि सुई ठेवली. बेंजो जड, रडवेला वाजू लागला. आई डोळे मिटून ऐकत राहिली. प्लेअर तो आमच्याकडेच ठेवून गेला. त्या बटणाला आम्ही कधी हात लावला नाही.

सुतकाच्या घरात वरात वाजवता येत नाही, आणि आईला नाही म्हणता येत नाही. मी सुभाषच्या शेजारीच बसलो होतो. मला आज कळलं.

“आजोबा, स्पीड बरोबर आहे ना?” नातवानं विचारलं.

“बरोबर आहे,” मी म्हणालो. “आता हळू कर.”