अडीच तासांचा पहारा

आमच्या गावच्या हरिनाम सप्ताहाला पहाऱ्याची माणसं मिळेनाशी झाली, तेव्हा मी चिडून म्हणायचो, देवाधर्माचे दिवस संपले. पहाऱ्याची यादी बरीच वर्षं मीच करतो. सात दिवस, रात्रंदिवस, देवळाच्या मंडपात कोणीतरी गळ्यात वीणा घालून उभं राहायचं, नाम घ्यायचं आणि दोन तासांनी वीणा पुढच्याच्या गळ्यात घालायची. ती खाली टेकली की सप्ताह खंडला. पूर्वी यादीत जागा उरायची नाही. आता निम्मी पोरं नागापूरला कंपनीत, आणि कित्येकांना मनातून काही वाटतच नाही. त्यात माझी मुलगी पहिली. दिवाळीत पूजेला बस म्हटलं तर शांतपणे म्हणाली, "आप्पा, मला देव पटत नाही. खोटे हात जोडू का?" त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. एका घरात राहून निरोप तिच्या आईमार्फत.

यंदा चौथ्या दिवशी दुपारी माझा पहारा होता. साखरेची गोळी घेतली होती, पण गडबडीत जेवण राहिलं. मंडपात मी आणि टाळ घेऊन बसलेल्या सरूकाकू, दोघंच. माझे दोन तास झाले तरी पुढचा माणूस येईना. कंपनीत अडकला होता, हे मागाहून कळलं. हात कापायला लागले, सदरा घामानं भिजला, समोरची समई दोन दिसू लागली. मनात एवढंच आलं, पांडुरंगा, मी पडलो तरी चालेल, वीणा पडू देऊ नकोस.

तेवढ्यात मंडपाच्या दारात मुलगी उभी दिसली. आईनं डबा देऊन धाडली होती. सात-आठ वर्षांत ती देवळाची पायरी चढली नव्हती. माझं तोंड बघून तिनं चपला काढल्या आणि सरळ पुढ्यात आली.

"माझ्याशी बोलू नका, पण वीणा द्या."

सरूकाकू टाळ थांबवून म्हणाल्या, "अगं, देव मानीत न्हाईस आन् वीना घालतीस व्हय?"

"मग तुम्ही घ्या, काकू."

"माजं गुडघं कुठं उभं ऱ्हात्यात, बाई."

"मग तुम्ही बसून नाव घ्या, मी उभी राहते. नाव मी घेणार नाही, पण वीणा खाली टेकू देणार नाही."

मी तिच्या गळ्यात वीणा घातली. रिवाजाप्रमाणे वीणेकऱ्याच्या पाया पडायला वाकलो, तर तिनं दंड धरून मला खाली बसवलं आणि डब्यातला गूळ आधी खायला लावला. पुढचा माणूस येईपर्यंत अडीच तास ती उभी होती. पाय अवघडले की भार इकडून तिकडे घ्यायची, पण काकूंच्या 'रामकृष्णहरी'वर तिची तार एकदाही चुकली नाही.

मी खांबाला टेकून बघत होतो, आणि मला माझी लाज वाटत होती. एक गोष्ट मी तोवर कोणाला सांगितली नव्हती. सहा वर्षांपूर्वी अशाच दुपारी मंडपात चिटपाखरू नव्हतं. मोबाईल वाजला, व्यवहाराचं बोलणं होतं, आणि मी वीणा कोपऱ्यात टेकवून बाहेर गेलो. पाव तासानं येऊन पुन्हा गळ्यात घातली. कोणी पाहिलं नाही. दर वर्षी मी 'अखंड' सप्ताहाचा मान घेत राहिलो, आणि मुलीला नास्तिक म्हणत राहिलो.

सप्ताहाच्या शेवटी, काल्याच्या दिवशी माझ्या हातात मानाचा नारळ दिला, तेव्हा मी उभा राहून सगळं सांगितलं. सरूकाकूच म्हणाल्या, "सा वर्सं गिळून बसलास व्हय रं? बरं झालं, मोकळा झालास."

त्या दुपारी जे घडलं त्याला मी कृपा म्हणतो. मुलगी म्हणते, साखर उतरली होती आणि आईनं वेळेवर डबा धाडला. आम्ही वाद घालत नाही. देवानं आपल्या कामाला कोणाला धाडावं, हे मीच ठरवत होतो. तो हट्ट मी त्याच्या पायाशी सोडला. माझी मुलगी देव मानत नाही, हे आता पाव्हण्यांत मी मान वर करून सांगतो, आणि तिनं वीणा कशी धरली तेही सांगतो.

परवा पुढच्या यादीचा कागद घेऊन बसलो आणि भीत भीत तिला विचारलं, तुझं नाव लिहू का?

"लिहा," ती म्हणाली. "पण दुपारचाच द्या. पहाटे मला उठवत नाही."