स्टेपनीचा झेल

माझ्या धाकट्या भावाला अख्खा संघ स्टेपनी म्हणायचा. गाडीच्या डिकीत पडून असलेलं चाक. तो तिसरा गोलकीपर. पहिला खेळायचा, दुसरा बाकावर बसायचा आणि हा सरावाला रोज येऊन अंग ठेचून घ्यायचा. इतकी वर्षं क्लबात काढूनही लीगच्या एकाही सामन्यात त्याचा हात चेंडूला लागला नव्हता. मी त्याच क्लबात कपडे धुण्याच्या खोलीत कामाला. सामना झाला की बाकीच्यांच्या जर्सी चिखलाने भरून यायच्या, याच्या जर्सीची घडीसुद्धा मोडलेली नसायची. मला ते बघवायचं नाही, आणि हा आपला हसायचा. "ताई, तुझं काम वाचवतो बघ," म्हणायचा.

तो टिकला तो लीगच्या एका नियमामुळे. संघात खेळाडू किती ठेवायचे याला मर्यादा असते आणि सगळ्यांचे पगार मिळून किती व्हावेत यालाही. पण शेवटच्या काही जागा सगळ्यात कमी पगारवाल्यांच्या, त्यांचा पगार त्या बेरजेत धरत नाहीत. तिथे माझा भाऊ बसला होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पगार वाढवून मागायचा नाही हे त्याने स्वतःच ठरवलेलं. वाढला की बेरजेत येणार, आणि बेरजेत आला की सगळ्यात आधी त्याच्याच पोटावर पाय पडणार. भावजय करवादायची, "मागायला लाज वाटते का हो तुम्हाला?" तो म्हणायचा, "लाज नाही गं, अक्कल आहे."

यंदा लीगने नियम बदलला. त्या जागा आता फक्त नव्या पोरांसाठी. माझा भाऊ तिशी कधीच ओलांडून बसलेला. झालं, आला बेरजेत. त्यात क्लबाला एक नावाजलेला स्ट्रायकर आणायचा होता आणि नेमकी तेवढीच जागा कमी पडत होती. भावाला काढून टाकावं, तर कराराचा उरलेला पगार बेरजेत धरला जातोच. वाट एकच उरली. जो खेळाडू दुखापतीने पूर्ण हंगामाला मुकतो, त्याची जागा सुटते आणि पगारही बेरजेतून वगळतात. त्याला स्वतःला मात्र पगार मिळत राहतो.

करार बघणाऱ्या साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावून खुर्ची दिली. एरवी हे साहेब त्याच्या नमस्कारालाही मान हलवत नसत. तिथे काय झालं ते त्याने माझ्या इस्त्रीच्या टेबलाशी उभं राहून सांगितलं.

"खांदा दुखतोच ना तुझा?" साहेबांनी विचारलं.

"दुखतो की साहेब. गोलकीपरचा खांदा न दुखून कसं चालेल?"

"मग झालं तर. डॉक्टर लिहून देतील. घरी आराम कर. हंगाम संपला की पोरांना गोलकीपिंग शिकवायला तुलाच घेतो. तेवढं एक कर, बाहेर कुठे दिसलास तर हात झोळीत पाहिजे."

"सही करू नकोस," मी म्हटलं. "ही माणसं तुला तोंडघशी पाडतील."

"ताई, नाही म्हटलं तर पुढच्या वर्षी मला विचारणार कोण? शिकवायचं काम मिळालं तर जन्माचं कल्याण होईल. अजून काय येतं मला?"

त्याला खरंच दुसरं काही येत नव्हतं. त्याने सही केली, गळ्यात झोळी अडकवली आणि स्ट्रायकर आला. त्याची कोरी जर्सी मीच इस्त्री करून खुंटीला लावली.

हंगाम संपत आला तेव्हा भाचीने हट्ट धरला, मला मॅच बघायची. भावाने आधी टाळलं, मग तिला घेऊन आला. जागा मिळाली ती गोलच्या मागे. मी टॉवेलांचा गठ्ठा घेऊन खेळाडूंच्या दाराशी उभी होते, तिथून दोघं मला दिसत होती. पोरगी वेफर्स खात होती. हा झोळीत हात घालून शहाण्यासारखा बसला होता.

समोरच्या संघाला फ्री किक मिळाली. मारणाऱ्याने लाथ घातली ती आंधळी. चेंडू गोलच्या वरून थेट त्या रांगेवर आला. आजूबाजूच्यांनी डोकी खाली घातली. भाची तेवढी वाकली नाही. बाप शेजारी असताना ती कशाला वाकेल! भाऊ उठला, दोन्ही हात डोक्याच्या वर गेले आणि चेंडू त्याने असा अलगद घेतला की आवाजसुद्धा झाला नसेल. रिकामी झोळी गळ्यात लोंबत होती. लोकांनी टाळ्या पिटल्या. मैदानातल्या मोठ्या पडद्यावर तो दिसला, चेंडू छातीशी धरून लहान मुलासारखा हसत होता. आता हे साहेबांनाही दिसणार होतं. तरी खरं सांगते, त्या क्षणी मला त्याचा फार अभिमान वाटला.

त्या सामन्यात हरलेल्या समोरच्या संघाने ते चित्र लीगकडे धाडलं. चौकशी लागली. क्लबाचे गुण कापले जाणार अशी कुणकुण लागताच साहेबांनी टोपी फिरवली. म्हणे, आम्हीच फसलो, या माणसाने दुखण्याचं सोंग केलं. डॉक्टरांनीही मान डोलावली. स्ट्रायकर राहिला, गुण राहिले. भावाचा करार रद्द झाला आणि लीगच्या कुठल्याही क्लबात काम करायला त्याला बंदी आली. शिकवण्याचंसुद्धा.

चौकशीच्या आदल्या दिवशी मी त्याला पढवलं होतं. "सरळ सांग, साहेबांनीच सही करायला लावली. ते तोंडातून निघत नसेल तर निदान एवढं तरी म्हण, मुलीला लागलं असतं म्हणून हात उचलला. कोणाचंही काळीज हलेल." तो हो हो म्हणाला. आत गेल्यावर लीगच्या चौकशीवाल्यांनी विचारलं, खांदा निकामी असताना दोन्ही हात वर कसे गेले?

हा वेडा म्हणाला, "साहेब, बॉल आला होता."

त्यांनी ते लिहूनसुद्धा घेतलं नाही.