तळघराचा कर

फ्रँकफर्टजवळच्या आमच्या गावात कर कार्यालयाने मला फसवलं. कोळिष्टकांनी भरलेलं माझं तळघर त्यांनी राहण्याच्या खोल्यांत मोजलं. पहिल्या पत्रात ते लिहिलं होतं, पण खाली 'सध्या काही भरायचं नाही' असंही होतं. म्हणून मी ते फायलीत टाकलं. आकडा समोर आल्यावरच घासाघीस करायची, ही माझी जन्माची रीत.

नगरपालिकेकडून घरपट्टीचं बिल आलं तेव्हा तिथे गेलो. काउंटरवरच्या बाईंनी माझे कागद टेबलाच्या कडेशी काटेकोर जुळवले आणि प्रत्येक ओळीखाली नख फिरवलं.

"गेनाऊ! अगदी बरोबर, मोजमाप चुकलंय," त्या म्हणाल्या.

"मग खोडा की!"

"पहिल्या पत्रावर महिन्याभरात कर कार्यालयात हरकत घ्यायची होती. त्यांच्या मोजमापाला आम्ही फक्त दर लावतो."

"त्या तळघरात राहणार कोण? तुम्ही येता?"

त्या हसल्या नाहीत. खिडकीतल्या कुंडीला पाणी घालत म्हणाल्या, "तुम्ही शेवटी भांडायला येता. इथे सगळं सुरुवातीलाच ठरतं."

बाई प्रामाणिक होत्या, याचाच जास्त संताप आला. चूक सगळ्यांना दिसते आणि खोडायला कोणी नाही! 'काही भरायचं नाही' हे वाक्य ज्याने लिहिलं, त्याला माझ्या तळघरात आणून उभा करा. जबाब त्यानेच द्यायचा.